ग्रास कटर चालू होईना, प्लग ओलाच: आधी इंजिन रिकामं करा, मग प्लग पुसा

प्रश्न असा आहे: आंब्याच्या बागेत बेणणी, म्हणजे गवत कापणी चालू आहे, यंत्र टू-स्ट्रोक ग्रास कटर, चाळीस-बेचाळीस सीसीचं. सकाळी चोक लावून वीसेक वेळा दोरी ओढली, एकदा ‘फट’ असा आवाज आला आणि मग काहीच नाही. पेट्रोलचा वास येतोय. प्लग काढला तर ओलाचिंब आणि काळा. फडक्याने पुसून परत लावला, दोन ओढींत पुन्हा ओला. प्लग खराब झालाय का, आणि तो नीट साफ कसा करायचा?

प्लग बहुधा खराब झालेला नाही. पेट्रोल ओव्हर झालंय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आत गेलंय, आणि ते प्लगवर कमी, इंजिनाच्या पोटात जास्त आहे. म्हणूनच पुसलेला प्लग दोन ओढींत ओला होतो. प्लग कितीही चकाचक केला तरी खालचं पेट्रोल बाहेर काढल्याशिवाय उपयोग नाही. बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि दुपारपर्यंत दोरी ओढत बसतात.

आता हे होतं कसं ते बघा. चाळीस सीसीच्या इंजिनाला एका स्फोटासाठी लागणारं पेट्रोल एका मिलिलिटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतं. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ठिणगीने ती पेटते, त्यापुढे गेलं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. चोक लावला की हवेची वाट बंद होते आणि प्रत्येक ओढीला कार्बोरेटरमधून जवळपास नुसतं पेट्रोल ओढलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये हे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये जातं आणि तिथून बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये येतं. थंड इंजिनात त्याची वाफ होत नाही, ते खाली साचतं. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर साचलं तरी ते हजाराहून जास्त स्फोटांना पुरेल इतकं पेट्रोल आहे.

तो जो एकदा ‘फट’ आवाज आला, तिथेच चोक उघडायला हवा होता. तो आवाज म्हणजे इंजिन सांगत असतं की पेट्रोल पोचलं, आता हवा द्या. पावसाच्या आणि पानांच्या आवाजात किंवा कानाला पट्टी बांधलेली असताना तो ऐकू येत नाही, म्हणून आवाजावर विसंबू नका, ओढी मोजा. आपल्याकडच्या पंचवीस-तीस अंशांच्या हवेत चोक लावून तीन-चार ओढी पुष्कळ झाल्या. आवाज येवो न येवो, पाचव्या ओढीला चोक उघडा. इंजिन गरम असेल, म्हणजे टाकी भरण्यापुरतं थांबवलं असेल, तर चोकला हातच लावायचा नाही.

कार्बोरेटरखालच्या रबरी फुग्याला लोक उगाच दोष देतात. ग्रास कटरमध्ये टाकीतून दोन नळ्या येत असतील तर तो फुगा फक्त कार्बोरेटरमधली हवा काढून पेट्रोल परत टाकीत सोडतो. तो दहा वेळा दाबला काय आणि वीस वेळा काय, इंजिन ओव्हर होत नाही. लॉन मोव्हरच्या काही इंजिनांत मात्र फुगा पेट्रोल थेट इंजिनाकडे ढकलतो, तिथे तीन-चार वेळाच दाबायचा.

इंजिन रिकामं करणं

यंत्र उघड्यावर घ्या, सायलेन्सर हाताला थंड लागला पाहिजे. विडी-सिगारेट, चूल, पेट्रोलचा कॅन सगळं लांब. टाकीचं झाकण घट्ट करा, कारण यंत्र उलटं करायचं आहे. चोक पूर्ण उघडा.

बंद-चालूचा स्विच ‘बंद’वर ठेवा. हे विसरायचं नाही. स्विच बंद असला की ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा प्राथमिक भाग इंजिनाच्या बॉडीला जोडला जातो आणि ठिणगीच तयार होत नाही. स्विच चालू ठेवून, प्लगची टोपी मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढली तर दोन नुकसानं होऊ शकतात. एक म्हणजे टोपीतून निघालेली ठिणगी प्लगच्या भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्याला लागते आणि भडका उडतो. दुसरं, विजेला जायला वाट नसल्याने कॉइलच्या आतल्या आवरणावर ताण येतो आणि कॉइल कायमची जाऊ शकते.

दोरी मधेच अडकत असेल, ओढलीच जात नसेल, तर जोर लावू नका. पिस्टनच्या डोक्यावर द्रवरूप पेट्रोल भरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि जोर लावल्यास स्टार्टर तुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग दोरी.

प्लगची टोपी वायरला धरून ओढू नका, टोपीलाच धरून थोडं फिरवत काढा. प्लगभोवती चिकटलेलं गवत, माती ब्रशने किंवा फुंकून साफ करा, कारण प्लग निघाला की तो कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडतो. बहुतेक टू-स्ट्रोक ग्रास कटरच्या प्लगला १९ मिमीचा पाना लागतो, यंत्राबरोबर स्क्रू ड्रायव्हरसह जो एकत्र पाना येतो तोच. पाना तिरका धरला तर प्लगची पांढरी चिनीमाती तडकते.

प्लग निघाल्यावर भोकावर जाड फडकं सैल धरा आणि दोरी दहा-पंधरा वेळा पूर्ण ओढा. पहिल्या काही ओढींत फडकं भिजेल. मग पिस्टन सर्वांत खाली आणा. आत प्लास्टिकची स्ट्रॉ सोडून दोरी हळूहळू ओढली की पिस्टन खाली-वर होताना स्ट्रॉ हलते, त्यावरून कळतं. लोखंडी तार किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका, सिलिंडरच्या आतल्या लेपावर ओरखडा गेला की तो निघत नाही. पिस्टन खाली असताना क्रँककेसकडून येणाऱ्या वाटा उघड्या असतात. अशा स्थितीत यंत्र प्लगचं भोक खाली येईल असं उलटं करून मिनिटभर धरा, म्हणजे तळाशी साचलेलं पेट्रोल त्या वाटांनी येऊन भोकातून गळतं. पुन्हा सरळ करून दहा ओढी मारा. फडकं कोरडं राहायला लागलं की काम झालं. प्लगशिवाय यंत्र दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं तर उरलेलंही उडून जातं. तेवढ्या वेळात प्लगकडे बघू.

प्लग आधी वाचा, मग साफ करा

पुसण्याआधी त्याच्याकडे नीट बघा, कारण पुसल्यावर पुरावा जातो.

ओला, पेट्रोलचा वास, पण खाली चिनीमातीचा रंग बदामी किंवा कॉफीसारखा: प्लग ठीक आहे, फक्त चोक जास्त झाला. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काजळी: पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर चोंदलेला, चोक अर्धा अडकलेला, किंवा यंत्र तासन्‌तास कमी वेगावर चालवलेलं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ट्रिगर अर्धवट दाबून गवत कापत राहिलात तर टोक तिथपर्यंत तापत नाही आणि काजळी साठत जाते. काळं, चिकट, तेलकट: मिश्रणात तेल जास्त किंवा चुकीचं तेल. दोन टोकांच्या मधे कार्बनचा खडा अडकलेला: तो काढला की प्लग चालेल, पण सिलिंडरच्या डोक्यावर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन जमलाय हे समजा.

टोक पांढरंफटक आणि त्यावर बारीक फोड असतील तर तो वेगळाच आजार आहे. तिथे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. असं यंत्र चालवत राहिल्यास पिस्टन जाम होतो. आणि प्लग पूर्ण कोरडा निघाला तर ओव्हर झालेलंच नाही, पेट्रोल पोचतच नाहीये. मग हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही, टाकीतला छोटा फिल्टर आणि नळ्या तपासा.

काजळी धरलेला प्लग काम का करत नाही? कार्बन वीज वाहून नेतो. मधल्या टोकापासून चिनीमातीवरच्या काजळीच्या थरावरून वीज हळूच बॉडीला पोचते आणि फटीतून उडी मारायला लागणारा दाबच तयार होत नाही. मेकॅनिक याला प्लग शॉर्ट झाला म्हणतात. म्हणून साफ करायची मुख्य जागा ठिणगीचं टोक नसून आतल्या खोबणीतली चिनीमाती आहे. लोक टोक घासून चमकवतात आणि आतला काळा थर तसाच सोडतात.

साफ करण्यासाठी झाकणभर साधं पेट्रोल घ्या, तेल मिसळलेलं नको. त्यात प्लगचं टोक दोन-तीन मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने किंवा मऊ पितळी ब्रशने आतपर्यंत घासा, झटका, पुन्हा बुडवा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे असेल तर उत्तमच. खोबणीत कडक थर असेल तर बांबूची टोकदार काडी चालवा. मग कोरड्या सुती कापडाने पुसून हवेत पूर्ण वाळू द्या. श्रावणात ऊन नसतं, तेव्हा पंधरा मिनिटं तरी द्या. सायकलचा पंप असेल तर त्याची हवा मारा.

पॉलिश पेपरने टोक घासायची सवय सगळीकडे आहे. ठिणगीच्या धातूच्या टोकावर हलका हात फिरवला तर फार बिघडत नाही, पण चिनीमातीवर पॉलिश पेपर नको. तिचा गुळगुळीतपणा गेला की पुढची काजळी जास्त लवकर आणि जास्त घट्ट बसते, शिवाय पेपरचे कण खोबणीत अडकून सिलिंडरमध्ये जातात. ग्राइंडरला लावलेला लोखंडी तारेचा ब्रश तर अजिबात नको. त्याच्या धातूची रेघ चिनीमातीवर उमटते आणि तीच वीज वाहून नेते, म्हणजे साफ करण्याच्या नावाखाली प्लग कायमचा शॉर्ट होतो. गॅसवर किंवा लायटरवर प्लग तापवण्याचंही तेच: पिवळ्या ज्योतीने नवी काजळी बसते, आणि लाल होईपर्यंत तापवून लगेच थंड केला तर चिनीमातीला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

मल्टिमीटर असेल तर २० मेगाओहमच्या पट्टीवर ठेवून प्लगचं वरचं टोक (ज्यावर टोपी बसते ते) आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. चांगल्या प्लगमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. आकडा दिसतोय आणि तो १० मेगाओहमच्या खाली आहे, तर आत अजून काजळी आहे. नावात ‘आर’ असलेल्या रेझिस्टर प्लगमध्ये वरच्या टोकापासून खालच्या मधल्या टोकापर्यंत साधारण ५ किलोओहम यायला हवेत. तिथे मीटर काहीच दाखवत नसेल तर आतला रेझिस्टर तुटलाय, प्लग टाकून द्या.

गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, मोजायला फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) वापरा. टू-स्ट्रोक ग्रास कटरला बहुधा ०.५ ते ०.६ मिमी, आणि होंडाच्या जीएक्स-३५ या फोर-स्ट्रोक इंजिनाला ०.६ ते ०.७ मिमी. गॅप वाढलेली असेल तर बाहेरचं वाकडं टोक हलकेच ठोकून कमी करा, मधल्या टोकाला हात लावू नका.

ठिणगी बघायची झाली तर प्लगच्या भोकात फडक्याचा बोळा घाला, प्लग टोपीत बसवा आणि त्याची लोखंडी बॉडी भोकापासून शक्य तितक्या लांब, सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा. स्विच चालू करून दोरी ओढा. निळसर, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पण ठिणगी दिसली म्हणून प्लग निर्दोष ठरत नाही. बाहेरच्या हवेत उडी मारणं सोपं असतं, आत दाबलेल्या हवेत तीच उडी मारायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं आणि अर्धवट शॉर्ट प्लग तिथे हार मानतो. खरी परीक्षा म्हणजे नवा प्लग लावून बघणे. बागेत जाताना खिशात एक नवा, गॅप लावलेला प्लग असलाच पाहिजे. त्याची किंमत अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी कमी आहे.

नवा घेताना मात्र जुन्याचा नंबर नेऊन दाखवा. बऱ्याच टू-स्ट्रोक यंत्रांत एनजीकेचा बीपीएमआर-७-ए किंवा त्याच्या जोडीचा प्लग असतो: आटे १४ मिमी व्यासाचे, लांबी फक्त ९.५ मिमी. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा बी-७-एचएस प्लगही १४ मिमीचाच, त्यामुळे तो आरामात बसतो. पण त्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिमी आहे. तीन मिलिमीटर जास्त आत गेलेला प्लग पिस्टनच्या डोक्यावर आपटू शकतो. नंबरातला आकडाही महत्त्वाचा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होत जातो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडतो, बॉशमध्ये नेमकं उलट.

पुन्हा चालू करताना

प्लग आधी हाताने फिरवून शेवटपर्यंत बसवा. सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे, पान्याने तिरका घुसवला तर आटे जातात आणि मग प्लगपेक्षा कितीतरी महाग काम निघतं. हाताने टेकल्यावर जुना प्लग पान्याने पाव फेरीपर्यंत, नवा असेल तर अर्धी फेरी, बस. टोपी ‘टक्’ असं बसेपर्यंत दाबा. टोपीच्या आतली स्प्रिंग पावसाळ्यात गंजते, ती बघून ठेवा, आणि आत पाणी असेल तर पुसा.

पेट्रोल जिथे सांडलं तिथून तीन मीटर तरी लांब जा. चोक उघडाच, स्विच चालू, ट्रिगर पूर्ण दाबून धरा. पूर्ण उघड्या वाटेने भरपूर हवा आत जाते आणि उरलेलं पेट्रोल पातळ होतं. या स्थितीत इंजिनाने पेट घेतला की पातं लगेच फिरणार, म्हणून पातं जमिनीपासून आणि पायांपासून मोकळं असू द्या, यंत्र डाव्या हाताने जमिनीवर दाबून धरा, समोर कुणी नको. पाच-सहा ओढींत एक-दोन ठसके येतील, मग इंजिन चालू होऊन बराच पांढरा-निळा धूर सोडेल. सायलेन्सरमध्ये गेलेलं पेट्रोल आणि तेल जळतंय, घाबरायचं कारण नाही. इंजिनाने वेग घेतला की ट्रिगर सोडा. ते बंद पडायला लागलं तर ट्रिगर थोडा दाबा, चोक नव्हे. पंधरा ओढींत काहीच नाही झालं तर थांबा आणि प्लग काढून बघा. परत ओला असेल तर रिकामं करणं अर्धवट राहिलंय. कोरडा असेल तर आता एकदाच, दोन ओढींपुरता, चोक लावायचा.

रोज रोज असंच होत असेल तर

एकदा ओव्हर होणं ही चालवणाऱ्याच्या हातची गोष्ट आहे. आठवड्यात दोनदा झालं तर यंत्रात कारण शोधा.

पहिला संशय मिश्रणावर. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या यंत्राला आणि तेलाला कोणतं प्रमाण हे पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच घ्या. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतलेलं तेल हे काळ्या प्लगचं सर्वांत मोठं कारण आहे, मेडिकलमधून औषधाचं मापाचं झाकण किंवा सिरिंज आणा. मोटारसायकलचं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल मिसळू नका, ते स्वच्छ जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. फोर-स्ट्रोक यंत्रात उलट चूक होते: जीएक्स-३५ मध्ये तेल फक्त १०० मिली मावतं, जास्त ओतलं की प्लग तेलकट होतो.

मग एअर फिल्टर. ओल्या गवताचा भुगा आणि चीक त्यावर बसून पापुद्रा होतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा, बेणणीच्या हंगामात रोज संध्याकाळी. फिल्टर काढून यंत्र चांगलं चालतंय असं दिसलं तर कारण सापडलं, पण तसं कापत राहू नका.

सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती कार्बनने बुजली की जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि ताजी हवा आत येत नाही. यंत्र चालू होतं, पण वेग घेत नाही आणि प्लग काळा करतं. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा. इथे लोखंडी ब्रश चालतो.

रात्री नीट ठेवलेलं यंत्र सकाळी चोक न लावताच ओलं निघत असेल तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाही. उन्हात टाकीत दाब वाढतो आणि न बसणाऱ्या सुईच्या बाजूने पेट्रोल इंजिनात झिरपतं. सुईखाली कचरा असेल, तिची लिव्हर उंच असेल किंवा पातळ रबरी पडदा कडक झाला असेल. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं की पडदे असेच कडक होतात. पडदा आणि सुईचा किट मिळतो, तो बदला. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तेल मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर वापरू नका.

आणि प्लग ओला आहे, पण त्याला पेट्रोलचा वास कमी आणि त्यावर थेंब मण्यांसारखे जमलेत, तर ते पाणी आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथे फिल्टर लोंबत असतो तिथे. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून वीस मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाहेर काढा, टाकी ताज्या पेट्रोलने विसळा आणि फिल्टर बदला. अशा पेट्रोलवर प्लग कितीही वेळा साफ केला तरी यंत्र चालू होणार नाही.